गाडी पळते, पण पैसा कुठे जातो? : स्वतःच्या ट्रकच्या डिझेलचा हिशोब

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना माझे दोन आकडे चुकले होते, ते इथे दुरुस्त केले आहेत. त्यामुळे ऐकलेल्यांनीही हिशोबाचा भाग एकदा वाचा.

हा भाग आहे ज्यांच्या घरी एकच गाडी आहे आणि मालकच ड्रायव्हर आहे अशांसाठी. वीस-पंचवीस गाड्या असलेल्यांकडे मुनीम असतो, जीपीएस असतो, पंपाशी करार असतो. एका गाडीवाल्याकडे शर्टाच्या खिशात वही असते. माझ्या मामांकडेही तीच आहे. दहाचाकी गाडी, राहणार धुळे जिल्हा, आणि बहुतेक माल जळगाव एमआयडीसीतून. कधी डाळ, कधी पीव्हीसी पाइप, कधी चटया, आणि जायचं बहुतेक भिवंडीकडे.

गेल्या वर्षी दिवाळीला भेटलो तेव्हा दोन हप्ते थकले होते आणि गाडी विकायची बोलणी सुरू होती. गंमत अशी की गाडी उभी नव्हती. महिन्याला सहा फेऱ्या होत होत्या. मामा अहिराणीत म्हणाले, "गाडी ते पयस, पन पैसा कथा जास?" मी म्हटलं, वही द्या.

वहीत सगळं होतं. कुठे डिझेल टाकलं, कितीचं टाकलं, टोल किती, हमाली किती. नव्हता तो फक्त एक आकडा : एका पूर्ण फेरीला, म्हणजे घरापासून परत घरापर्यंत, किती लिटर लागतात. मामांना विचारलं तर लगेच उत्तर आलं, "ॲव्हरेज पावणेपाच देते ना गाडी." हे पावणेपाच कुठून आलं? भरलेली ३.८ देते, रिकामी ५.८ देते, मधलं काढलं की ४.८, म्हणजे पावणेपाच धरा. ऐकायला बरोबर वाटतं. इथेच पहिली गळती आहे.

जळगाव ते भिवंडी धुळे-मालेगाव-नाशिकवरून साधारण ४०० किलोमीटर धरू. डिझेल ९२ रुपये धरतो. तुमच्या पंपावर आज जो भाव असेल तो घाला. जाताना १८ टन डाळ आहे, ३.८ ॲव्हरेज, म्हणजे ४०० भागिले ३.८, १०५ लिटर. येताना रिकामी, ४०० भागिले ५.८, ६९ लिटर. एकूण १७४ लिटर, म्हणजे १६,००० रुपयांच्या थोडं वर. आता मामांच्या पद्धतीने करा. ८०० किलोमीटर भागिले ४.८, १६७ लिटर, १५,३०० रुपये. फेरीमागे ७०० रुपयांचा फरक! सहा फेऱ्यांचे ४,००० च्या वर होतात. आणि हे पैसे चोरीला गेलेले नाहीत, वाया गेलेले नाहीत. ते भाडं ठरवताना मागितलेच गेले नाहीत.

शाळेत आपल्याला हेच गणित होतं. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०, तर सरासरी वेग किती? ५० लिहिणाऱ्याला शून्य मिळायचं, कारण हळू चाललेला वेळ जास्त असतो. तसंच इथे, कमी ॲव्हरेजच्या बाजूला डिझेल जास्त जळतं, म्हणून खरं ॲव्हरेज ४.८ नसून ४.६ पडतं. ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढायचं नाही. दोन्ही बाजूंचे लिटर वेगळे काढायचे आणि लिटरांची बेरीज करायची. बस, एवढंच.

पण मुळात ३.८ आणि ५.८ तरी खरे कशावरून? गाडीच्या डॅशबोर्डवर दिसतं त्यावर मी विश्वास ठेवणार नाही, शोरूमवाल्याने सांगितलेल्यावर तर नाहीच. जुनी फुल-टू-फुल पद्धतच चांगली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटरचा फोटो काढायचा, माल पोचवून खाली झाल्यावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि बिलावरचे लिटर बघायचे. एका फेरीवरून ठरवू नका. नोझल कधी लवकर कटते, गाडी कधी उतारावर उभी असते. चार-पाच फेऱ्या होऊ द्या. आणि प्रत्येक वेळी काट्याची पावती सोबत ठेवा, कारण वजनाशिवाय ॲव्हरेजला काही अर्थ नाही.

जळगावच्या गाडीवाल्यांना हे दुसऱ्या कोणापेक्षा लवकर कळायला हवं. इथे एकाच एमआयडीसीतून डाळीची गाडी निघते आणि पाइपाचीही. डाळ पासिंगपर्यंत वजन भरते. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलची मर्यादा वाढवली, तेव्हा दहाचाकीचं एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर गेलं. माल जास्त बसायला लागला, तसं भरलेलं ॲव्हरेजही खाली आलं, पण बऱ्याच जणांच्या डोक्यात आकडा जुनाच राहिला. पाइपाचं उलट आहे. बॉडी वरपर्यंत भरलेली दिसते, आत निम्मी हवा असते. मामांच्या गाडीला पाइप भरल्यावर ५ चं ॲव्हरेज मिळतं. म्हणजे त्याच ४०० किलोमीटरला १०५ ऐवजी ८० लिटर. २५ लिटरचा फरक, २,३०० रुपये. मामा आतापर्यंत डाळीचं भाडं दीड-दोन हजारांनी जास्त दिसलं की पाइप सोडून डाळ घ्यायचे. कागदावर मांडल्यावर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी डाळ फुकट वाहिली?" फुकट नाही मामा, पण थोडी स्वस्तात.

आता मुख्य भाग. जळगाव-भिवंडीचं भाडं समजा २४,००० ठरलं. त्यातून डिझेल १६,०००, दोन्ही बाजूंचा टोल अंदाजे ४,०००. उरले ४,०००. मामांची वही इथे संपायची आणि ४,००० सुटले म्हणून समाधान. पण गाडी उभी असली तरी खर्च चालू असतो. हप्ता ३६,०००, विमा, टॅक्स, परमिट, फिटनेस मिळून महिन्याला ९,०००, आणि मालक स्वतः स्टिअरिंगवर बसतो त्याचा पगार. हा पगार कोणीच धरत नाही. मी १५,००० धरला, मामांना तोही जास्त वाटला! एकूण ६०,००० महिना, म्हणजे दिवसाला २,०००. तीन दिवसांची फेरी, म्हणजे ६,०००. आता बघा : ४,००० सुटले आणि ६,००० लागले. रिकामं परत आलं की फेरी २,००० ने तोट्यात. टायर आणि ऑइल अजून धरलेलेही नाहीत. याचा सरळ अर्थ, परतीचा माल नसेल तर २६,००० च्या खाली हे भाडं परवडत नाही.

मग परतीचा माल घ्यायचा का? प्रत्येक गाडीवाला म्हणेल, हे काय विचारणं झालं, रिकामं येण्यापेक्षा काहीही बरं. पण ते "काहीही" मोजता येतं. भिवंडीहून १२ टनांचा माल मिळतोय, भाडं ९,०००. भरून येताना ॲव्हरेज ४.२, म्हणजे ९५ लिटर. रिकामं आलो असतो तर ६९ लिटर लागलेच असते. म्हणून परतीच्या मालाच्या नावावर फक्त वरचे २६ लिटर लिहायचे, २,४०० रुपये. दलाली आणि वाराई ९००. म्हणजे ९,००० मधले ५,७०० हातात. चांगलं आहे. प्रश्न आहे थांबण्याचा. दलाल म्हणतो "संध्याकाळी भरतो", संध्याकाळी म्हणतो "सकाळी". दर दिवसाला २,००० जातात. एक दिवस थांबलं तर पूर्ण फेरी साधारण १,६५० ने फायद्यात जाते. दोन दिवस थांबलं तर साडेतीनशेचा तोटा, तरी रिकामं येण्यापेक्षा बरं. तिसऱ्या दिवशी मात्र माल भरूनही तोटा २,३५० च्या घरात जातो, म्हणजे रिकामं निघून आलो असतो तर जास्त वाचले असते.

मामा तीन-तीन दिवस थांबायचे. चूक त्यांची एकट्याची नाही. गाडी रिकामी पळताना जळणारं डिझेल डोळ्यांना दिसतं, काटा खाली जाताना दिसतो. उभ्या गाडीचे २,००० कोणत्याच काट्यावर दिसत नाहीत. माझा अंदाज होता की ते फेरीमागे फार तर एक दिवस थांबत असतील. खरं काय ते फास्टॅगच्या मेसेजमध्ये सापडलं. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झालाय, त्यामुळे प्रत्येक टोलची तारीख-वेळ फोनमध्ये पडलेली असते. भिवंडीकडे जातानाचा शेवटचा टोल आणि परतीचा पहिला टोल, या दोन मेसेजमधला वेळ म्हणजे तुमचं थांबणं. वेगळं जीपीएस लावायची गरज नाही. तुमच्या वडिलांचा किंवा भावाचा फोन घ्या आणि मागचे दोन महिने काढून बघा. आमच्याकडे सरासरी सव्वादोन दिवस निघाले.

डिझेल वाचवायचं म्हटलं की लोक लगेच पंपाच्या भावाकडे जातात. त्यातही तथ्य आहे. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, म्हणून भाव वेगळा. गुजरातमध्ये तो सहसा आपल्यापेक्षा कमी असतो. धुळे-सुरत रस्त्याने कोंडाईबारी घाट उतरून नवापूरकडे जाणारे गाडीवाले म्हणूनच टाकी पलीकडे फुल करतात. (नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना हे सांगायला नको.) लिटरला दोन रुपयांचा फरक असेल तर २५० लिटरला ५०० वाचतात. त्या वाटेवर जातच असाल तर जरूर घ्या. पण स्वस्त डिझेलसाठी वाट वाकडी करू नका. भरलेल्या गाडीला एक किलोमीटर २४ रुपयांना पडतं. वीस किलोमीटरचा वळसा पडला की ५०० संपले.

रस्त्याचंही तेच. भाडं घेताना जुन्या किलोमीटरवर जाऊ नका. ऑगस्ट २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने चाळीसगाव-कन्नड घाटात जड गाड्यांना बंदी आली आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्यांना लांबचा फेरा पडला. असं काही झालं की मालवाल्याला नवे किलोमीटर दाखवून बोलायचं. मॅपचा स्क्रीनशॉट पुरतो.

आता थोडं माझं इंजिनीअरिंग. तिकडे कंटाळणार असाल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडा. भिवंडीहून इगतपुरीपर्यंत गाडी साधारण ५८० मीटर वर चढते. वजन गुणिले उंची केलं की लागणारी ऊर्जा निघते. एक लिटर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूल असतात, इंजिन त्यातले चाळीस टक्के कामाला लावतं. असं करून रिकाम्या दहाचाकीला नुसती ती उंची चढायला ४ लिटर लागतात आणि १२ टन भरले की ९ लिटर. कसारा घाटात ॲक्सिलरेटर कसाही दाबा, हे ५ लिटर वाचणार नाहीत. ते ड्रायव्हरचं कौशल्य नाही, ती उंची आहे. जातानाही खानदेशातून नाशिकच्या पठारावर तीन-साडेतीनशे मीटर चढावं लागतं, राहुड घाट त्यातच आला. म्हणून सपाट सुरत रस्त्याचं ॲव्हरेज भिवंडीच्या हिशोबात घालू नये. प्रत्येक लाइनचा आकडा वेगळा लिहा.

कौशल्य चालतं ते वेगात. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. माझ्या ढोबळ गणिताने सपाट रस्त्यावर भरलेली गाडी ६० ऐवजी ८० ने नेली तर इंजिनाला किलोमीटरमागे सुमारे २५ टक्के जास्त जोर लावावा लागतो. रिकाम्या गाडीला हाच फरक ४५ टक्क्यांच्या आसपास जातो, कारण तिच्यात वजनाचा वाटा कमी आणि हवेचा जास्त. आणि गाडी दामटतो आपण नेमकी रिकामी असताना! मामांचं म्हणणं, रिकामी गाडी हलकी, तिला काय लागतं. ६५ वर धरून आणायला सांगितलं तेव्हा पहिल्या फेरीत वैतागले, मालेगावपर्यंत तीनदा फोन केला. तीन फेऱ्यांनंतर रिकामं ॲव्हरेज ५.८ वरून ६.२ झालं. फेरीमागे साडेचार लिटर. फार नाही, पण कोणाला विचारायला न लागता मिळालेले ४०० रुपये आहेत.

बाकी छोट्या गोष्टी घाईत सांगतो. लोडिंगच्या रांगेत इंजिन चालू ठेवलं तर तासाला दोन लिटरच्या आसपास जातं. तीन तासांचे साडेपाचशे झाले. टायरची हवा थंड टायरवर मोजा. रिकाम्या बॉडीवर ताडपत्री फडफडत ठेवू नका. १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल आणि तिला युरिया, म्हणजे डीईएफ, लागत असेल तर तोही हिशोबात धरा. डिझेलच्या तीन ते पाच टक्के लागतो. तो वाचवायला भेसळीचा टाकलात तर जे बिल येईल त्यात वर्षभराचं डिझेल येईल.

आता भाव वाढण्याचं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल सरकारी नियंत्रणातून मोकळं झालं, १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. प्रत्यक्षात कधी महिनोन् महिने हलत नाहीत आणि मग एकदम पळतात. २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या पंधरवड्यात लिटरला १० रुपये वाढले. आमच्या १७४ लिटरच्या फेरीला ते १,७४० रुपये झाले. तेव्हा मामांनी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे महिनाभराचं भाडं आधीच बांधलेलं होतं. "बोललो ते बोललो" म्हणून सगळ्या फेऱ्या मारल्या. मे २०२२ मध्ये केंद्राने ६ रुपये कमी केले आणि जुलैत राज्याने ३, पण तोवर त्या महिन्याचा खड्डा पडलाच होता.

अमेरिकेतले स्वतःची गाडी चालवणारे यासाठी एक साधी गोष्ट करतात. भाडं वेगळं आणि डिझेलचा अधिभार वेगळा. तिथलं सरकारी ऊर्जा खातं दर आठवड्याला डिझेलचा सरासरी भाव जाहीर करतं आणि अधिभार त्यावर आपोआप हलतो. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांच्या करारात डिझेलचं कलम असतं. दलालाकडून फोनवर ठरणाऱ्या भाड्यात नसतं. पण नेहमीचा मालवाला असेल तर बोलून बघता येतं. वाक्य सोपं ठेवा : "हे भाडं डिझेल ९२ असताना. रुपया वाढला तर फेरीला १७४ रुपये वाढवून द्या, कमी झाला तर तेवढे कमी घेईन." दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. कमी घ्यायची तयारी दाखवली की समोरचा ऐकतो. आणि हे बोलायला तुमच्याकडे १७४ हा आकडा हवा, "डिझेल लई वाढलं हो" म्हणून कोणी वाढवून देत नाही. मामांचे दोन नेहमीचे मालवाले आहेत. एकाने मान्य केलं, दुसऱ्याने हसून चहा पाजला.

ॲडव्हान्समध्ये रोख कमी आणि डिझेलची स्लिप जास्त देणारेही असतात, त्यांच्याच ओळखीच्या पंपाची. घ्यायला हरकत नाही, पण स्लिपवर लिटर लिहून घ्या, रुपये नाही, आणि त्या पंपाचा भाव रस्त्यावरच्या इतर पंपांशी ताडून बघा. तेल कंपन्यांच्या ॲपवर प्रत्येक पंपाचा भाव दिसतो.

शेवटी माझी फजिती. हे सगळं मी आधी एका सुंदर शीटमध्ये बसवलं होतं. चौदा रकाने, रंग, आलेख, सगळं. मामांनी एकदाही उघडलं नाही. घाटात पंक्चर काढून आलेला माणूस रकाने भरणार नाही, हे मला चार वर्षं सॉफ्टवेअर लिहून कळलं नव्हतं. आता आमचा दोघांचाच व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पंपावर थांबले की दोन फोटो, एक किलोमीटरचा आणि एक बिलाचा. काट्यावर तिसरा. बाकी काही नाही. रविवारी मी बसून लिटर काढतो आणि तीन आकडे आवाजात पाठवतो : डाळीचे लिटर, पाइपाचे लिटर, रिकाम्याचे लिटर. हप्ता अजून एक मागेच आहे, पण विक्रीची बोलणी थांबली आहेत.

परवा रात्री भिवंडीहून फोन आला. धुळ्याचा माल, ९ टन, भाडं ७,५००, पण भरणार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मी लॅपटॉप उघडेपर्यंत मामाच म्हणाले, "मना हिशोबले चार हजार सातशे जातस. तुझे किती?" माझे ४,३०० आले होते. डिझेल १,४००, दलाली-वाराई ९००, एक दिवस २,०००. वरचे चारशे कसले म्हणून विचारलं, तर रात्रीचं जेवण आणि पार्किंग. ते मी धरायचं विसरलो होतो. माल घेतला.

पुढच्या भागात टायर. रिमोल्ड घ्यावा की नवा, यावर मामांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. तुमच्या गाडीचं भरलेलं आणि रिकामं ॲव्हरेज, आणि कोणत्या लाइनवर, हे मला व्हॉइस नोट करून पाठवा.